निदानापर्यंतचा खर्च कोणाचा?

सार्वजनिक आरोग्य विम्याने स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा खर्च उचलावा, परंतु तो कर्करोग वेळेत शोधून काढण्याचा खर्च उचलू नये, ही भूमिका भारतात एखाद्या मंत्र्याच्या भाषणात किंवा पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडणार नाही; ती योजनांच्या नियमावलीत, उपचारांच्या दरसूचीत आणि देयके मंजूर करण्याच्या पद्धतीत मुरलेली आहे. तिच्या बचावासाठी धोरणवर्तुळात केले जाणारे युक्तिवाद वरवर पाहता शास्त्रशुद्ध वाटतात, त्यांतील काहींना संशोधनाचा खरा आधारही आहे, आणि तरीही त्या सर्वांतून उभी राहणारी व्यवस्था अशी आहे की गाठ लहान असताना स्त्रीने पदरचे पैसे मोजावेत आणि तीच गाठ वाढून काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली की शासनाने मोठी रक्कम मंजूर करावी. या व्यवस्थेचे समर्थन ना विम्याच्या तत्त्वात सापडते ना उपलब्ध संशोधनात, आणि म्हणून ती बदलली पाहिजे.

या वादात दोन वेगळ्या गोष्टींची वारंवार गल्लत होते, त्यामुळे त्या आधी सुट्या करून ठेवणे आवश्यक आहे. कोणतेही लक्षण नसलेल्या, वरकरणी निरोगी स्त्रियांची ठरावीक वयात आणि ठरावीक अंतराने केलेली तपासणी म्हणजे पूर्वतपासणी, जिला रूढ भाषेत स्क्रीनिंग म्हणतात; तीत प्रशिक्षित हातांनी केलेली स्तनांची तपासणी येते आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी काढलेले चित्र, हीही येते. याउलट जिला स्वतःला गाठ लागली आहे, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येत आहे किंवा जिच्या पूर्वतपासणीत काही संशयास्पद आढळले आहे, तिच्या सोनोग्राफीपासून बायॉप्सीपर्यंतच्या तपासण्या या निदानाचा भाग होत. पूर्वतपासणी कोणाची, किती वर्षांनी आणि कोणत्या पद्धतीने करावी याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांत प्रामाणिक मतभेद आहेत. संशय निर्माण झालेल्या स्त्रीचे निदान झाले पाहिजे याबद्दल मात्र कोणाचाच मतभेद नाही. भारतातील सार्वजनिक विमा या दोहोंनाही जवळजवळ सारखाच दूर ठेवतो, आणि पहिल्या गोष्टीबद्दलच्या मतभेदांची ढाल दुसऱ्या गोष्टीचा खर्च नाकारण्यासाठी पुढे केली जाते.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाली आणि तिने पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. महाराष्ट्रात तिच्या आधीपासून, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना राबवली जात होती; आता दोन्ही योजना एकत्रितपणे चालतात, आणि २०२३ मधील निर्णयाने राज्याच्या योजनेची मर्यादाही ५ लाखांवर नेण्यात आली. या योजनांनी कर्करुग्णांसाठी केलेले काम लहान नाही. पूर्वी केमोथेरपीसाठी जमिनीचा तुकडा विकावा लागे किंवा दोन फेऱ्यांनंतर उपचार अर्धवट सोडावे लागत, अशा असंख्य कुटुंबांना या योजनांनी हात दिला, आणि त्यांच्यावरील टीका करताना हे श्रेय नाकारण्याचे काहीच कारण नाही. मात्र ही संपूर्ण रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेली आहे. बाह्यरुग्ण विभागातील सेवा आणि निव्वळ निदानासाठीच्या सुट्या तपासण्या जन आरोग्य योजनेच्या कक्षेबाहेर आहेत, अपवाद दरसूचीत स्वतंत्रपणे नोंदवलेल्या बाबींचा; दाखल होण्यापूर्वीचा खर्च धरला जातो तो केवळ ३ दिवसांचा.

या ३ दिवसांच्या मुदतीला स्तनाच्या गाठीच्या संदर्भात काय अर्थ उरतो, हे बायॉप्सीचा प्रवास नीट पाहिला की कळते. सोनोग्राफीच्या किंवा मॅमोग्राफीच्या आधाराने जाड सुई गाठीत घालून ऊतीचे बारीक तंतू काढले जातात, ते फॉर्मालिनमध्ये भिजवून ठेवले जातात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांचे पातळ काप घेतले जातात, रंगवले जातात आणि विकृतिशास्त्रज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. कर्करोग दिसला तर त्याच ऊतीवर आणखी तपासण्या कराव्या लागतात, कारण गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आहेत काय आणि हर-टू नावाचे प्रथिन वाढलेले आहे काय, हे कळल्याखेरीज औषधांची निवड होत नाही. उत्तम सुविधा असलेल्या शहरातही हे सारे ३ दिवसांत उरकत नाही, आणि जिथे नमुना दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागतो तिथे आठवडे जातात. पुढे रुग्णालयातील आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची कागदपत्रे पाहणारा कर्मचारी, उपचारांच्या पूर्वमंजुरीसाठी जी कागदपत्रे मागतो त्यांत अग्रभागी असतो बायॉप्सीचा अहवाल. म्हणजे योजनेच्या दारातून आत शिरण्यासाठी ज्या कागदाची गरज आहे, तो मिळवण्याचा खर्च मुख्यतः दाराबाहेरच करावा लागतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेच्या जवळपास राहणाऱ्या स्त्रीचे त्यातल्या त्यात निभावते; इतरांसाठी खासगी सोनोग्राफी केंद्र, खासगी प्रयोगशाळा आणि प्रत्येक फेरीत बुडणारी मजुरी एवढेच मार्ग उरतात.

योजनेचे समर्थक येथे एका अभ्यासाकडे बोट दाखवतात. २०२४ च्या अखेरीस ‘लान्सेट’च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार जन आरोग्य योजनेत नोंद झालेल्या कर्करुग्णांचे उपचार वेळेत, म्हणजे ३० दिवसांच्या आत, सुरू होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. निष्कर्ष स्वागतार्ह आहे, परंतु त्यातील घड्याळ कोणत्या क्षणापासून चालू होते हे पाहणे महत्त्वाचे आहे: ते निदानापासून चालू होते. गाठ हाताला लागल्यापासून निदानाचा कागद हाती येईपर्यंत गेलेले महिने त्या मोजमापात येतच नाहीत, आणि भारतात जीव जातात ते बहुतांशी त्याच महिन्यांत. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, स्तनाच्या कर्करोगाच्या ५७ टक्के रुग्णांत निदानाच्या वेळी रोग आसपासच्या भागात पसरलेला होता असे नोंदवले आहे. ‘कॉन्कॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या तिसऱ्या फेरीनुसार २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षे जगण्याचे प्रमाण अमेरिकेत सुमारे ९० टक्के, तर भारतात ६६ टक्के होते. या तफावतीला औषधोपचारांतील फरक कारणीभूत आहेच, परंतु उशिरा होणारे निदान हे तिचे फार मोठे कारण आहे, आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात १ लाख ९२ हजारांहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला व ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या, हे लक्षात घेता ते कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

विम्याचे तत्त्व पुढे करून घेतला जाणारा आक्षेप सर्वांत जुना आहे. विमा हा अनपेक्षित आणि कुटुंबाला बुडवणाऱ्या खर्चासाठी असतो, पूर्वतपासणी ही ठरलेल्या वेळी करावयाची अपेक्षित बाब आहे, म्हणून ती विम्यात बसत नाही, असे त्याचे स्वरूप असते. नफ्यावर चालणाऱ्या विमा कंपनीच्या दृष्टीने यात तथ्य आहे. आज तपासणीचा खर्च करावा आणि विमाधारकाने पुढच्या वर्षी दुसरी कंपनी गाठावी, तर लवकर निदानाचा लाभ प्रतिस्पर्ध्याला मिळतो. करांच्या पैशांवर चालणाऱ्या योजनेला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिचा लाभार्थी दुसरीकडे जात नाही. आज चुकलेली गाठ तीन वर्षांनी त्याच योजनेच्या दाराशी, अधिक वाढलेल्या स्वरूपात, परत येते. शिवाय जन आरोग्य योजनेने हे तत्त्व कधीच पाळलेले नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया योजनेत आहे, आणि वाढत्या वयात मोतीबिंदू होणे यात अनपेक्षित असे काही नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे, अगदी ठरल्या वारी होते आणि योजना त्याचे पैसे देते. ते तिने दिलेच पाहिजेत. तेव्हा अपेक्षित खर्च नाकारण्याचे तत्त्व नेमके स्तनाच्या तपासणीच्या वेळीच आठवावे, याचे समाधानकारक उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी दिलेले नाही.

याच संदर्भात आयकर कायद्यातील एका तरतुदीची आठवण करून द्यावी लागते. २०१२ च्या अर्थसंकल्पाने कलम ८०-ड अन्वये मिळणाऱ्या वजावटीत प्रतिबंधक आरोग्य तपासणीसाठी वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंतचा खर्च अंतर्भूत केला, आणि जुन्या करपद्धतीतील करदात्यांना ही सवलत पुढेही मिळत राहिली. वजावट म्हणजे शासनाने सोडलेला महसूल. पुण्यातील किंवा ठाण्यातील नोकरदार स्त्रीने खासगी केंद्रात मॅमोग्राफी करवून घेतली तर या तरतुदीमुळे त्या खर्चाचा काही वाटा सार्वजनिक तिजोरी उचलू शकते. आयकर भरण्याइतके उत्पन्नच नसलेल्या शेतमजूर स्त्रीला मात्र तीच तिजोरी, पूर्वतपासणी हे विम्याचे काम नव्हे, असे सांगते. शासन पूर्वतपासणीसाठी पैसे देत नाही हे विधान त्यामुळे खरे नाही. ते देते, परंतु ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी आहे त्यांना देते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार भासतो. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात स्तन, गर्भाशयमुख आणि मुखाच्या कर्करोगाची तपासणी विनामूल्य होतेच, आयुष्मान आरोग्य मंदिरांत त्यासाठी समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत, तेव्हा विम्याने तेच काम पुन्हा कशाला करावे, असे विचारले जाते. आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्याने ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी करावी असे ठरवून दिले, हे खरेच आहे. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी कर्करोगासाठी कधी काळी स्तनतपासणी झालेल्या स्त्रिया १ टक्काही भरल्या नाहीत. प्रमाण होते ०.९ टक्के. त्यानंतर शासकीय पोर्टलवरील तपासण्यांचे आकडे कोटींत गेले आहेत, आणि त्यामागे आशा स्वयंसेविकांचे अपार कष्ट आहेत. मात्र आशा जो कागद भरते त्यात छातीत गाठ आहे काय, स्तनाग्रातून रक्त येते काय, आकारात बदल झाला आहे काय, असे प्रश्न विचारलेले असतात, आणि उंबरठ्यावर, सासूसमोर, त्यांना मिळालेले ‘नाही’ हे उत्तर म्हणजे तपासणी नव्हे. खरी हातांनी केलेली तपासणी वेगळी असते: ती गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि उरोस्थीपासून काखेपर्यंत, तीन बोटांच्या पेरांनी, उभ्या पट्ट्यांत, प्रत्येक ठिकाणी हलका, मध्यम आणि खोल असा दाब देत केली जाते, बसलेल्या आणि आडव्या अशा दोन्ही स्थितींत केली जाते, आणि तिला आडोसा, वेळ व सराव लागतो.

हे सारे व्यवस्थित झाले असे गृहीत धरले तरी मुख्य प्रश्न उरतोच. कार्यक्रमाचे काम संशयित स्त्रीला वरच्या रुग्णालयाकडे पाठवण्यापाशी थांबते आणि विम्याचे काम सिद्ध झालेल्या कर्करोगापासून सुरू होते. मधल्या टप्प्यात सातपुड्यातील धडगावच्या स्त्रीने नंदुरबार गाठायचे, तिथे यंत्र, क्ष-किरणतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांपैकी एकाची जरी अनुपस्थिती असली तरी पुढच्या शहराची वाट धरायची, नमुना देऊन परतायचे, अहवालासाठी पुन्हा जायचे, आणि या प्रत्येक खेपेला मुलाबाळांची व रोजंदारीची व्यवस्था लावायची, अशी अपेक्षा आहे. या टप्प्याचा मालक कोणीही नाही. कार्यक्रमाच्या अहवालात ती ‘संदर्भित’ म्हणून मोजली जाते, विम्याच्या अहवालात ती अजून जन्मालाच आलेली नसते. बायका दुखणी अंगावर काढतात, असा ठपका मग तिच्यावरच ठेवला जातो. दुखणे अंगावर काढण्याचा निर्णय जिथे प्रत्येक पर्यायाला किंमत लावलेली आहे तिथे घेतला जातो, आणि त्या किमतीचा मोठा भाग शासनाच्या हातात आहे, हे ठपका ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

आता संशोधनाचा आक्षेप. तो अधिक काळजीपूर्वक तपासला पाहिजे, कारण तो घेणाऱ्यांत सार्वजनिक आरोग्याविषयी खरी कळकळ असलेले लोक आहेत आणि त्यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. मॅमोग्राफीच्या मोठ्या चाचण्या उत्तर अमेरिकेत व युरोपात झाल्या. न्यूयॉर्कमधील पहिली चाचणी १९६३ मध्ये सुरू झाली. ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये साऱ्या पुराव्याचा फेरआढावा घेतला, तेव्हा निमंत्रित स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात, परंतु टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे सुमारे तीन स्त्रियांत अतिनिदान होते, असा निष्कर्ष निघाला. अतिनिदान म्हणजे जो कर्करोग त्या स्त्रीच्या हयातीत कधीच त्रास देणार नव्हता तो सापडणे, आणि परिणामी तिला अनावश्यक शस्त्रक्रियेला व किरणोपचाराला सामोरे जावे लागणे. भारतात रोगाचे प्रमाण तुलनेने कमी, रुग्ण स्त्रियांचे सरासरी वय कमी, आणि तरुण वयात स्तनांची ऊती घन असल्याने मॅमोग्राफीत गाठ दडून राहण्याची शक्यता जास्त. म्हणून साऱ्या प्रौढ स्त्रियांची सरसकट मॅमोग्राफी सार्वजनिक पैशांतून करू नये, हे आक्षेपकांचे म्हणणे मान्य करण्यासारखे आहे. दक्षिण कोरियाचा अनुभवही सावध करणारा आहे. तेथील राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रमात जाणाऱ्यांना खासगी केंद्रांनी अल्प दरात गळ्याची सोनोग्राफी जोडून देण्याची प्रथा पडली, आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १५ पटींनी वाढले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले.

परंतु मॅमोग्राफीविरुद्धचा हा युक्तिवाद पूर्वतपासणीविरुद्धचा युक्तिवाद ठरत नाही, आणि याचा पुरावा मुंबईतच उपलब्ध आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या इंद्रनील मित्रा, राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांना समाविष्ट करून एक चाचणी सुरू केली, जिच्यात वीस वस्त्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. एका गटातील स्त्रियांची, खास प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या गटाला कर्करोगाविषयी एकदा माहिती देण्यात आली. दोन्ही गटांवर पुढे लक्ष ठेवून वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील कर्करोगांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट १५ टक्के होती व ती संख्याशास्त्रीय कसोटीवर निश्चित ठरली नाही. ५० वर्षे व त्यापुढील वयात मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. वयोगटानुसार केलेल्या विश्लेषणाकडे सावधपणे पाहावे लागते आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हे दोन्ही मुद्दे आक्षेपकांनी उपस्थित करावेत असेच आहेत. तरीही यंत्राशिवाय, डॉक्टरशिवाय, वस्तीतच केलेल्या तपासणीचा एवढा मोठा आणि एवढा दीर्घ पुरावा जगात दुसरीकडे नाही, आणि ‘भारतीय स्त्रियांवर काही सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य तो वाचलेल्या कोणालाही प्रामाणिकपणे उच्चारता येणार नाही.

या चाचणीचा उपयोग करून घेताना राष्ट्रीय कार्यक्रमाने मात्र तिचे अर्धेच बोट धरले. हातांनी करावयाची तपासणी स्वीकारली, पण दोन वर्षांचे अंतर पाचावर नेले, आणि पाच वर्षांच्या अंतराने अशी तपासणी मृत्यू घटवते असा दाखला या चाचणीतून निघत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की चाचणीतील संशयित स्त्रीचे पुढचे निदान व उपचार टाटा रुग्णालयात विनामूल्य होत असत. घट दिसली ती वस्तीतल्या तपासणीपासून उपचारांच्या अखेरपर्यंतच्या साऱ्या साखळीमुळे. निव्वळ पहिला दुवा उचलून आणून पुढचे दुवे स्त्रीच्या पदरी टाकले, तर मुंबईचा निकाल अन्यत्र मिळण्याची आशा धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोगविषयक उपक्रमाची उद्दिष्टेही नेमकी याच साखळीविषयी बोलतात: ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावे, स्त्रीने आरोग्यसेवेशी संपर्क साधल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे उपचार पूर्ण व्हावेत. यांतील तिसऱ्या उद्दिष्टावर भारताचा विमा पैसे खर्च करतो. पहिली दोन त्याच्या खर्चाच्या खात्यात नाहीत.

साखळीचा एकच दुवा वित्तपोषित केल्याने काय होते, हे अमेरिकेने उलट बाजूने अनुभवले आहे. तेथील वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सार्वजनिक विम्याने १ जानेवारी १९९१ पासून पूर्वतपासणीच्या मॅमोग्राफीचे पैसे देण्यास सुरुवात केली, आणि १९९० च्याच एका कायद्याने विमा नसलेल्या गरीब स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. त्या कार्यक्रमाचे पैसे उपचारांवर खर्च करण्यास मात्र मनाई होती, आणि त्यामुळे तपासणीत कर्करोग सापडलेल्या स्त्रीच्या उपचारांसाठी कर्मचाऱ्यांना धर्मादाय मदत शोधत फिरावे लागे. हा प्रकार दहा वर्षे चालला. अखेर २००० मध्ये नवा कायदा करून अशा स्त्रियांना मेडिकेड या गरिबांच्या सार्वजनिक विम्यातून उपचार देण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. अमेरिकेकडे निदान होते व उपचार नव्हते, भारताकडे उपचार आहेत व निदान नाही. तिथेही साखळी पूर्ण झालेली नव्हती: पूर्वतपासणी विनामूल्य, पण तीत संशय आला तर पुढच्या सोनोग्राफीचे व बायॉप्सीचे देयक स्त्रीच्या नावे, अशी स्थिती अनेक खासगी विम्यांत होती, आणि २०२४ च्या अखेरीस तेथील शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत बदल करून २०२६ पासून या पुढच्या तपासण्याही सहभागशुल्काविना देण्याचे बंधन घालण्यात आले. शुल्क किरकोळ असले तरी काय घडते याचाही तेथे हिशेब उपलब्ध आहे. अमल त्रिवेदी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवले की मेडिकेअरच्या ज्या योजनांत मॅमोग्राफीसाठी स्त्रीला खर्चाचा काही वाटा द्यावा लागे, तिथे तपासणीचे प्रमाण शुल्करहित योजनांपेक्षा ८.३ टक्केबिंदूंनी कमी होते. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळणाऱ्या स्त्रियाही जर काही डॉलरांसाठी मागे हटतात, तर दिवसाच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या घरातील स्त्रीने शेकडो-हजारो रुपयांची बायॉप्सी स्वतःहून करवून घ्यावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

खर्चाविषयी बोलताना पूर्वतपासणीचे समर्थकही एक चूक करतात, ती येथे टाळली पाहिजे. लवकर निदानामुळे शासनाचे पैसे वाचतील असे आश्वासन ते देतात. पहिल्या टप्प्यातील रुग्णावरील उपचार तिसऱ्या टप्प्यातील रुग्णापेक्षा सामान्यतः सौम्य व स्वस्त असतात हे खरे, परंतु एक कर्करोग शोधण्यासाठी शेकडो निरोगी स्त्रिया तपासाव्या लागतात, त्यांतील काहींची निष्कारण बायॉप्सी होते, आणि एकंदर खर्च बहुधा वाढतोच. शासनाने हा खर्च करावा तो बचतीसाठी नव्हे. मुंबईच्या चाचणीने दाखवल्याप्रमाणे मृत्यू टळू शकतात म्हणून, आणि लवकर सापडलेल्या गाठीसाठी अनेकदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही म्हणूनही. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली, तेव्हा त्यातून किती बचत होईल असे कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच होते. तोच निकष त्याच जिल्हा रुग्णालयातील बायॉप्सीला लावला जावा, एवढीच मागणी आहे.

राहतो गैरव्यवहाराचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जन आरोग्य योजनेच्या आधी राबवल्या गेलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेच्या काळात छत्तीसगड व बिहारमध्ये विम्याच्या पैशांसाठी स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढली गेल्याच्या तक्रारींनी देश हादरला होता. प्रत्येक मॅमोग्राफीमागे खासगी केंद्राला रक्कम द्यायची ठरवली, तर चाळिशीतल्या हजारो स्त्रियांना शिबिरांत आणून यंत्रासमोर उभे केले जाईल, अतिनिदान वाढेल आणि दूर पाड्यावरची साठीतली स्त्री तशीच राहील, ही भीती रास्त आहे. म्हणूनच विम्याने पैसे द्यावेत ते शिबिरातील डोक्यांच्या संख्येवर नव्हे. पूर्वतपासणीचे काम सार्वजनिक यंत्रणेकडेच, हातांनी, पन्नाशीपुढील स्त्रियांसाठी दर दोन वर्षांनी राहावे आणि त्यासाठी आरोग्यसेविकांना मुंबईच्या धर्तीवर प्रशिक्षण मिळावे. विम्याच्या दरसूचीत समाविष्ट व्हावा तो निदानाचा एक अखंड संच, जो वयाची अट न लावता, गाठ असलेल्या किंवा आरोग्य मंदिरातून चिठ्ठी घेऊन आलेल्या कोणत्याही पात्र स्त्रीला लागू असेल. त्यात सोनोग्राफी, गरजेप्रमाणे मॅमोग्राफी, सुईची बायॉप्सी, संप्रेरक ग्राहकांच्या व हर-टूच्या तपासण्या आणि सोबतच्या एका व्यक्तीसह प्रवासखर्च यावा. दाखल होण्याची अट त्याला नसावी, आणि अहवालात कर्करोग नाही असे निघाले तरी देयक नाकारले जाऊ नये, कारण गाठ निरुपद्रवी आहे हे कळणे हाही निदानाचाच निकाल आहे.

असा संच जोडण्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचारांची यादी राज्याच्या आरोग्य विभागाच्या शासन निर्णयांनी यापूर्वीही बदलली व वाढवली गेली आहे, आणि चाचणी ज्या शहरात झाली त्याच शहरात मंत्रालय आहे. त्या शासन निर्णयात एक अट आवर्जून घालावी लागेल: रुग्णालयाला पैसे नमुना घेतल्याच्या दिवशी मिळू नयेत, लेखी अहवाल त्या स्त्रीच्या हाती पडला, तिला समजेल अशा भाषेत सांगितला गेला, आणि कर्करोग असल्यास उपचारांच्या पूर्वमंजुरीचा अर्ज त्याच आरोग्यमित्राने त्याच भेटीत भरला, याची नोंद झाल्यावरच देयक मंजूर व्हावे.